इम्पेकेबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पोकन इंग्लिशच्या बॅचवाले, बँकेच्या परीक्षावाले, एमपीएससीवाले आणि अधूनमधून त्यांचे पालक, सगळे मिळून या एका शब्दावर इतके प्रश्न पाठवतात की दरवेळी वेगळा व्हॉइस मेसेज टाकण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवलेलं बरं. प्रश्न जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबार अशा सगळीकडचे आहेत. भाषा थोडी सरळ केलीये, बाकी जसे आले तसेच ठेवलेत. आधी सोपे आहेत, खाली जाल तसे किचकट होतात, त्यामुळे ज्यांना फक्त अर्थ पाहिजे त्यांनी पहिले पाच वाचले तरी काम भागेल.

१. सर, इम्पेकेबल म्हणजे नेमकं काय? डिक्शनरीत "दोषरहित" लिहिलंय पण डोक्यात बसत नाही.

दोषरहित बरोबरच आहे हो, पण तो शब्द आपण बोलताना वापरतो कुठे, म्हणून बसत नाही. त्यापेक्षा आपलं रोजचं वाक्य घ्या, "नाव ठेवायला जागा नाही". एखाद्या गोष्टीची एक ठरलेली रीत असते, अपेक्षा असते, आणि कोणी मुद्दाम खोट काढायला बसलं तरी त्याला काही सापडत नाही, तेव्हा ती गोष्ट इम्पेकेबल. "हर मॅनर्स आर इम्पेकेबल" म्हणजे तिच्या वागण्याला नाव ठेवायला जागा नाही. लग्नात पन्नास नातेवाईक फक्त नावं ठेवायलाच येतात आणि तरी जेवणाच्या पंगतीबद्दल कोणी तोंड उघडत नाही, तर समजा की वाढपाची व्यवस्था इम्पेकेबल होती. हा शब्द म्हणजे साधी "छान", "मस्त" अशी स्तुती नाही, छान गोष्टीतही चुका असू शकतात. इथे कोणीतरी तपासून पाहिलंय आणि तरी काही निघालं नाही, हा भाव आहे.

२. उच्चार कसा करायचा? आमच्या वर्गात चार जण चार प्रकारे म्हणतात.

इम, पे, क, बल. जोर "पे" वर, बाकी सगळं हलकं. आपण देवनागरीत इम्पेकेबल लिहितो, मीही तसंच लिहिलंय कारण तसंच रुळलंय, पण त्यामुळे होतं काय की "केबल" वर जोर पडतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं टीव्हीच्या केबलचं काहीतरी चाललंय. "क" अर्धवट, पटकन सोडून द्यायचा. "इम्पेसेबल" असंही काही जण म्हणतात, ते चूक. दोन्ही सी चा उच्चार क च आहे.

३. स्पेलिंगमध्ये सी एक की दोन? आणि शेवटी एबल की इबल?

आय, एम, पी, ई, सी, सी, ए, बी, एल, ई. सी दोन, शेवटी ए वालं एबल.

घोकून पाठ करायचं नसेल तर कारण ऐका. शब्द लॅटिनमधून आलाय, तिथलं क्रियापद पेक्कारे, त्यातच क जोडून आहे म्हणून इंग्रजीत दोन सी राहिले. आणि लॅटिनची जी क्रियापदं "आरे" ने संपतात त्यांच्यापासून आलेल्या शब्दांना सहसा ए वालं एबल लागतं, जसं नॅव्हिगारे वरून नॅव्हिगेबल, आणि "इरे" वाल्यांना आय वालं इबल, जसं ऑडिरे वरून ऑडिबल. नियम शंभर टक्के नाहीये, पण परीक्षेत अडलात तर अंदाज मारण्यापेक्षा बरा. पेक्कारेचा अर्थ काय ते प्रश्न १२ मध्ये आहे, तिथे खरी गंमत आहे.

४. मराठीत याला एकच शब्द सांगा ना, निर्दोष लिहू की निष्कलंक की बिनचूक?

एकच सांगायचा तर मी "चोख" सांगेन. तुम्ही लिहिलेले तिन्ही शब्द कुठे ना कुठे बसतात, पण निर्दोष म्हटलं की कोर्ट आठवतं, निष्कलंक म्हटलं की चारित्र्य, आणि बिनचूक म्हटलं की गणिताची वही. चोख मात्र वस्तूला लागतो, व्यवहारालाही लागतो, आणि आपण तर सुवर्णनगरीवाले, आपल्याला चोख म्हणजे काय हे कोणी शिकवायची गरज नाही.

जळगावच्या सराफ बाजारात एखाद्या चांगल्या पेढीवर बघा. काटा काचेच्या पेटीत असतो, पंख्याच्या वाऱ्याने पारडं हलू नये म्हणून. दुकानदार दागिना ठेवतो, काचेचं दार लावतो, आकडा स्थिर व्हायची वाट बघतो आणि मग डिस्प्ले तुमच्याकडे फिरवून तोंडाने वजन वाचतो. खडे असतील तर त्यांचं वजन वेगळं काढून वजा करतो, बिलावर सोन्याचा भाव वेगळा, मजुरी वेगळी, जीएसटी वेगळा, आणि दागिन्यावरचा ९१६ चा शिक्का भिंगातून दाखवतो. आता इथे सोनं बावीस कॅरेटचं आहे, म्हणजे ९१.६ टक्के, शुद्ध सोनं म्हणावं असं ते नाहीच. पण व्यवहार? व्यवहार चोख. इंग्रजीत "हिज डीलिंग्ज आर इम्पेकेबल". सोन्याला इम्पेकेबल म्हणायचं नाही, सोन्याला प्युअर म्हणायचं, सोनाराच्या वागण्याला इम्पेकेबल म्हणायचं. हा फरक ज्याच्या लक्षात आला त्याला अर्धा शब्द आला.

पण चोख दिसला की डोळे मिटून इम्पेकेबल लिहू नका. "चोख प्रत्युत्तर" म्हणजे जशास तसं, तिथे फिटिंग रिप्लाय. "चोख बंदोबस्त" म्हणजे टाइट सिक्युरिटी. गणपतीत पोलिसांच्या बंदोबस्ताला कोणी इम्पेकेबल म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण अर्थ "किती कडक" वरून "किती सुरेख" कडे सरकतो.

५. कोणकोणत्या शब्दांसोबत येतो? यादी द्या, पाठ करतो.

यादी पाठ करून बोलता येत नाही हे मी दर बॅचला सांगतो आणि दर बॅच यादीच मागते. बरं घ्या. मॅनर्स, बिहेव्हियर, टेस्ट, टायमिंग, रेकॉर्ड, रेप्युटेशन, क्रेडेन्शियल्स, सर्व्हिस, लॉजिक, ग्रामर, आणि "शी स्पीक्स इम्पेकेबल इंग्लिश" हे तर ठरलेलं. क्रिकेटवाल्यांनी कॉमेंट्रीत ऐकलं असेल, "इम्पेकेबल लाइन अँड लेंथ", ग्लेन मॅकग्रासारखा बॉलर असला की हे वाक्य हमखास यायचंच.

आता यादीकडे नीट बघा, यात एक धागा आहे. सगळ्या गोष्टी माणसाने करायच्या, सांभाळायच्या आहेत. वागणं सांभाळावं लागतं, नाव राखावं लागतं, आवडनिवड घडवावी लागते, टप्पा रोज नेटमध्ये घासून पक्का करावा लागतो. आपोआप झालेल्या किंवा निसर्गाने दिलेल्या गोष्टीला हा शब्द सहसा लागत नाही. पुढचा प्रश्न त्याच्यावरच आहे.

६. मग केळीच्या घडाला, गाडीला, हिऱ्याला इम्पेकेबल म्हटलं तर काय बिघडतं? दोष नाहीच ना त्यात?

बिघडत काही नाही, लोक समजून घेतील, पण इंग्रजी ज्याच्या कानात मुरलंय त्याला ते खटकतं. रावेर-यावलकडचा एक्स्पोर्टचा केळीचा माल घ्या. फणीवर एक डाग नाही, घासल्याची रेघ नाही, तर तिथे स्पॉटलेस किंवा अनब्लेमिश्ड. पॅक हाऊसमध्ये ज्याने ती फणी धुवून, तोलून, फोम लावून बॉक्समध्ये भरली त्याच्या कामाला मात्र तुम्ही खुशाल इम्पेकेबल पॅकिंग म्हणा. माल स्पॉटलेस, काम इम्पेकेबल.

हिऱ्याला फ्लॉलेस, आणि तिथे तर ती स्तुती नसून ग्रेडच आहे. जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या पद्धतीत दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली हिरा बघतात आणि क्लॅरिटीच्या अकरा पायऱ्या आहेत. सगळ्यात वरची फ्लॉलेस, म्हणजे आतही काही नाही आणि पृष्ठभागावरही काही नाही, तिच्या खालची इंटर्नली फ्लॉलेस, म्हणजे आत साफ पण वरच्या बाजूला किरकोळ खुणा. सर्टिफिकेटवर इम्पेकेबल असं कधी छापून येत नाही, आलं तर दुकान बदला.

गाडीचं म्हणाल तर जुन्या गाडीच्या जाहिरातीत "इम्पेकेबल कंडिशन" हे इंग्रजीतही भरपूर लिहितात, ते चालतं. कारण तिथेही मागे माणूसच आहे, कोणीतरी ती गाडी जीव लावून ठेवलीये हा अर्थ त्यात येतो.

आणि सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्याबद्दल शहाद्याच्या एका भाऊंनी विचारलंय, त्याचं उत्तर थोडं वेगळं. घोड्याच्या तब्येतीत, पायात खोट नसेल तर इंग्रजीत घोडेवाले त्याला साउंड म्हणतात. घोड्याचा वंश, आईबाप, आजे-पणजे सगळे नावाजलेले असतील तर "इम्पेकेबल पेडिग्री". आणि खोड नसेल, म्हणजे लाथ मारत नाही, चावत नाही, तर वेल-बिहेव्ह्ड. एकाच जनावराला तीन शब्द, गिऱ्हाईक कशावर बोट ठेवून विचारतंय त्यावर अवलंबून.

७. इमॅक्युलेट आणि इम्पेकेबल एकच ना?

जवळचे आहेत, एक नाहीत. इमॅक्युलेटमध्ये लॅटिनचा मॅक्युला बसलाय, मॅक्युला म्हणजे डाग. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आजीला नेलं असेल तर मॅक्युला हा शब्द ऐकला असेल, पडद्यावरचा जो पिवळा ठिपका असतो तो, तोच हा शब्द. म्हणजे इमॅक्युलेट हा मुळात डोळ्याला दिसणाऱ्या स्वच्छतेचा शब्द आहे. पांढरा शुभ्र, कडक इस्त्रीचा सदरा इमॅक्युलेट. सारवलेलं, रांगोळी घातलेलं अंगण इमॅक्युलेट. इम्पेकेबल हा वागण्याचा, रीतीचा.

निवडणुकीच्या दिवसांत आपल्याकडे इमॅक्युलेट सदरे खूप दिसतात, इम्पेकेबल रेकॉर्ड किती दिसतात ते तुम्हीच मोजा.

कपड्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही चालतात आणि अर्थ थोडा बदलतो. "इमॅक्युलेटली ड्रेस्ड" म्हणजे स्वच्छ, टापटीप, एक सुरकुती नाही. "इम्पेकेबली ड्रेस्ड" म्हणजे प्रसंगाला शोभेल असंच घातलंय, निवड चुकली नाहीये. लग्नात कोणी धुतलेला, इस्त्रीचा क्रिकेटचा टी-शर्ट घालून आला तर तो पहिला आहे, दुसरा नाही. आणि इमॅक्युलेट कन्सेप्शन म्हणजे काय हे ज्यांनी विचारलंय त्यांनी प्रश्न १३ च्या शेवटी बघा.

८. सरळ परफेक्ट म्हणून मोकळं का होऊ नये?

व्हा की. बोलताना परफेक्टच जास्त बरा, हलका आहे. इम्पेकेबल थोडा भारदस्त, लेखी, इस्त्री केलेला शब्द आहे. "भाजी परफेक्ट झालीये" म्हणतात, शेवभाजीला कोणी इम्पेकेबल म्हटलं तर तो माणूस पुण्याहून आलाय असं समजतील.

अर्थातही फरक आहे. परफेक्टमध्ये पूर्ण झालं, तंतोतंत जुळलं असा भाव असतो, म्हणून "परफेक्ट मॅच", "परफेक्ट सर्कल", "परफेक्ट स्कोअर" इथे इम्पेकेबल टाकताच येत नाही.

९. "व्हेरी इम्पेकेबल" चालतं का? आणि "मोअर इम्पेकेबल"?

व्हेरी टाळा. नाव ठेवायला जागा नाही म्हटल्यावर "खूप जागा नाही" असं होत नाही ना, तसंच आहे हे. जोर द्यायचाच असेल तर ॲबसोल्यूटली इम्पेकेबल, सिंपली इम्पेकेबल. थोडं कमी सांगायचं असेल तर ऑलमोस्ट इम्पेकेबल, निअरली इम्पेकेबल. मोअर आणि मोस्ट तुम्हाला कुठेतरी छापलेलं दिसेल, "अ मॅन ऑफ द मोस्ट इम्पेकेबल टेस्ट" वगैरे, ते लेखक मुद्दाम डौलासाठी करतात. परीक्षेच्या पेपरात डौल करू नका, मार्क कापतात.

१०. ए लावायचा की ॲन?

ॲन. "ॲन इम्पेकेबल रेकॉर्ड".

११. इम्पेकेबली कुठे वापरायचं? आणि याचं नाम काय होतं?

क्रियाविशेषण आहे, क्रियापदाला किंवा विशेषणाला लावायचं. "शी बिहेव्ह्ड इम्पेकेबली", "अ‍ॅन इम्पेकेबली क्लीन किचन". बोलताना हेच जास्त कामाला येतं. नाम इम्पेकेबिलिटी, पण ते रोजच्या वापरात जवळजवळ नाहीच, ते पाद्री लोकांच्या पुस्तकात भेटतं, का ते लगेच पुढे.

१२. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आलाय की इम्पेकेबलचा मूळ अर्थ "पाप न करणारा" आहे. खरं आहे का हे?

या वेळेला फॉरवर्ड खरा निघाला. पेक्कारे म्हणजे लॅटिनमध्ये पाप करणं, चुकणं. त्याला पुढे इन लावला की नकार, आणि प च्या आधी इनचा इम होतो, जसं इम्पॉसिबल, इम्परफेक्ट. म्हणजे इम्पेकेबल, जो पाप करूच शकत नाही असा. इंग्रजीत सोळाव्या शतकात शब्द आला तेव्हा धर्मशास्त्राचाच होता, देवाबद्दल, ख्रिस्ताबद्दल वापरायचा. मग पुढच्या शतकापासून तो हळूहळू खाली उतरला आणि माणसाच्या वागण्याला, कपड्याला, हॉटेलच्या सर्व्हिसला लागायला लागला. "करूच शकत नाही" हा कडक अर्थ गळाला आणि "केलेली दिसत नाही" एवढाच उरला.

याच घरातला एक गोड शब्द आहे पेकॅडिलो, स्पॅनिशमधून आलेला, अर्थ छोटंसं पाप, क्षुल्लक चूक. उपासाच्या दिवशी चुकून भजं तोंडात टाकलं, झाला पेकॅडिलो.

आणि एक किस्सा तर आपल्या उपखंडातला. १८४३ मध्ये इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरने सिंध प्रांत जिंकला, वरून परवानगी नसताना जिंकला असं म्हणतात. लोक छातीठोकपणे सांगतात की त्याने विलायतेला एका शब्दाचा संदेश पाठवला, "पेकावी", लॅटिनमध्ये "मी पाप केलंय", इंग्रजीत "आय हॅव सिन्ड", आणि ऐकायला "आय हॅव सिंध". कोटी झकास आहे पण नेपियरची नाहीये. १८४४ मध्ये पंच नावाच्या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात ती छापून आली आणि ती सुचली होती कॅथरीन विंकवर्थ नावाच्या कोवळ्या वयाच्या मुलीला. पुढे श्रेय सेनापतीच्या नावावर चढलं, मुलीचं नाव मागे राहिलं. इतिहासात हे असं फार होतं.

१३. मग एखाद्याला इम्पेकेबल म्हटलं तर आपण त्याला निष्पाप म्हणतोय का? आणि इन्फॅलिबल म्हणजे पण तेच का?

आजच्या इंग्रजीत नाही. "हिज कंडक्ट वॉज इम्पेकेबल" म्हणजे त्या प्रसंगात त्याचं वागणं रीतीला धरून होतं, त्याच्या अंतःकरणाची हमी कोणी देत नाहीये. उलट, मनात काय चाललंय याचा या शब्दाशी संबंधच नाही. ठगसुद्धा इम्पेकेबल मॅनर्सवाला असू शकतो, बहुतेक असतोच, नाहीतर ठगणार कसा. निष्पाप लेकरासाठी इनोसंट आहे.

इन्फॅलिबल वेगळा. जो चुकीचं सांगूच शकत नाही तो इन्फॅलिबल, ही सांगण्याबद्दलची, निर्णयाबद्दलची गोष्ट. कॅथलिक चर्चने १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेत ठरवलं की पोप ठराविक परिस्थितीत श्रद्धा आणि नीतीबद्दल अधिकृत शिकवण जाहीर करतात तेव्हा ती चुकीची असू शकत नाही, हे इन्फॅलिबिलिटी. पोप पापच करू शकत नाहीत, म्हणजे इम्पेकेबिलिटी, असं चर्च म्हणत नाही, पोपसुद्धा कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, जातात. दोन शब्दांचा फरक याच्यापेक्षा स्वच्छ उदाहरणाने सांगता येत नाही.

आणि इमॅक्युलेट कन्सेप्शन, जे क्विझमध्ये हमखास विचारतात आणि हमखास चुकतं. ते येशूच्या कुमारी मातेपोटी झालेल्या जन्माबद्दल नाही. मेरी स्वतः तिच्या आईच्या पोटात आली तेव्हापासून मूळ पापाचा, म्हणजे ख्रिस्ती समजुतीप्रमाणे प्रत्येकाला जन्मतःच लागणाऱ्या पापाचा, डाग तिला लागलेला नव्हता, अशी ती शिकवण आहे, १८५४ मध्ये पोप नववे पायस यांनी ती अधिकृत केली. डाग म्हणून इमॅक्युलेट, प्रश्न ७ मधला मॅक्युला.

१४. कोर्टाने निर्दोष सोडलं तर त्या माणसाला इम्पेकेबल लिहायचं का? भाषांतराच्या पेपरला येतं.

अजिबात नाही. तिथे अक्विटेड किंवा फाउंड नॉट गिल्टी. निर्दोष मुक्तता ही कोर्टाची गोष्ट आहे, कधी पुरावा कमी पडतो, कधी संशयाचा फायदा मिळतो, वागणं चोख होतं असं कोर्ट म्हणतच असतं असं नाही. साक्षीदार इतका पक्का आहे की त्याच्यावर शंकाच घेता येत नाही, हे सांगायचं तर अनइम्पीचेबल विटनेस.

१५. इम्पेकेबल, इम्प्लॅकेबल, इम्पिक्युनिअस, सगळं डोक्यात खिचडी झालंय, सुटे करून द्या.

इम्प्लॅकेबल म्हणजे ज्याची समजूत घालताच येत नाही असा. इम्प्लॅकेबल एनिमी, म्हणजे हाडवैरी. बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदांना हा शब्द शोभतो. यात प्लेकेट आहे, शांत करणं.

इम्पिक्युनिअस म्हणजे खिशात दमडी नसलेला. पिक्युनिया म्हणजे लॅटिनमध्ये पैसा, आणि तो आलाय पेकस वरून, पेकस म्हणजे गुरंढोरं, कारण जुन्या काळी गुरं हीच संपत्ती. आपला पशू आणि त्यांचा पेकस हे मुळात एकाच घराण्यातले शब्द आहेत, म्हणजे पशुधन हा आपला शब्द त्यांच्याकडेही तसाच घडलाय असं म्हणा. "अ पोएट ऑफ इम्पिक्युनिअस फॅमिली" याचं भाषांतर उत्तरपत्रिकांमध्ये "निष्कलंक घराण्यातला कवी" असं येतं. गरीब कवीला निष्कलंक म्हणणं वाईट नाही, पण मार्क शून्य.

अनइम्पीचेबल वर प्रश्न १४ मध्ये आलाय. त्यातला इम्पीच म्हणजे महाभियोगवाला इम्पीच, पेक्कारेशी काही नातं नाही, फक्त तोंडवळा सारखा.

१६. रेझ्युमेत "माय इंग्लिश इज इम्पेकेबल" लिहू का?

नको ताई. हा शब्द दुसऱ्याने आपल्याबद्दल म्हणायचा आहे. आपणच लिहिला की मुलाखत घेणारा पेन उघडून चूक शोधायला बसतो आणि रेझ्युमेत कुठेतरी एक स्पेलिंग चुकलेलं असतंच, मग ते वाक्य मिरवत बसतं. फ्लुएंट लिहा, प्रोफिशिअंट लिहा, ते मोजता येतं, नुसता दिखावा नाही.

उलट तुम्ही दुसऱ्यासाठी शिफारसपत्र लिहिताय, तर वापरा, पण नेमक्या गोष्टीला लावून वापरा. "ही इज इम्पेकेबल" असं माणसाला सबंध लावलं की पोकळ वाटतं. "हिज अटेंडन्स रेकॉर्ड इज इम्पेकेबल" हे वजनदार, कारण तपासता येतं. ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या दाखल्यात "वर्तणूक चांगली" लिहितात त्याला इम्पेकेबल कॅरॅक्टर करू नका, गुड कॅरॅक्टर पुरे, दाखला आहे, मानपत्र नाही.

१७. हा शब्द सुटाबुटातल्या, मोठ्या हॉटेलातल्या लोकांसाठीच आहे का? आमच्या गावाकडच्या माणसाला लावला तर विचित्र नाही वाटणार?

हा प्रश्न अमळनेरच्या एका काकांनी पाठवलाय आणि मला सगळ्यात आवडलेला हाच. शब्दाला हॉटेलचा वास लागलाय हे खरं, कारण जाहिरातवाल्यांनी तो सर्व्हिस आणि टेस्टला चिकटवून ठेवलाय. पण त्याची अट एकच, ज्या त्या गोष्टीच्या रीतीत खोट नको.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी घ्या, १८८० ते १९५१. लिहिता-वाचता येत नव्हतं, घरोट्यावर म्हणजे जात्यावर, शेतात, कामाच्या ओघात ओव्या सुचायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि घरातले त्या उतरवून घ्यायचे. त्यांची ओवी म्हणून बघा, कुठे मात्रा लंगडत नाही, यमक ओढूनताणून आणलेलं नाही. "हर सेन्स ऑफ ऱ्हिदम वॉज इम्पेकेबल" हे वाक्य त्यांच्याबद्दल लिहिलं तर शब्दाची शान वाढेल. शाळेत व्याकरण शिकलेल्यांनाच तो लागतो असं काही नाही. अहिराणीसुद्धा कोणी इम्पेकेबल बोलू शकतो, आणि जो "मना", "तुना", "काय शे" च्या जागी पुस्तकी मराठी घुसडतो त्याची अहिराणी इम्पेकेबल नाही, मग तो इंग्रजीचा प्रोफेसर का असेना.

१८. रजेचा अर्ज दिला तर "व्हॉट इम्पेकेबल टायमिंग!" असं मॅनेजर म्हणाला, स्तुती केली की टोमणा मारला?

तुम्ही काय केलं होतं त्यावर आहे. गिऱ्हाईकाने फाईल मागितली आणि त्याच क्षणी तुम्ही ती घेऊन आत आलात, तर स्तुती. सगळे डबे खाऊन, भांडी विसळून झाल्यावर तुम्ही "काय काम होतं का" म्हणत उगवलात, किंवा मॅनेजर ओरडा खाऊन बसलाय आणि तुम्ही रजेचा अर्ज पुढे केलात, तर टोमणा. टायमिंगसोबत हा शब्द टोमण्यात फार वापरतात, बाकीच्यांसोबत कमी. प्रश्नात तुम्ही रजेचा अर्ज लिहिलाय, तेव्हा उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

१९. याचा उलट शब्द पेकेबल आहे का? विरुद्धार्थीत विचारलं तर काय लिहू?

पेकेबल शब्द डिक्शनरीत आहे, अर्थ पाप करू शकणारा, म्हणजे तुम्ही-आम्ही सगळेच. पण तो फक्त धर्मशास्त्रात उरलाय. "हिज मॅनर्स आर पेकेबल" असं कोणी म्हणत नाही. पेपरात फ्लॉड, फॉल्टी, इम्परफेक्ट यातला जो पर्यायात दिसेल तो. बोलताना कशाच्या उलट ते बघा, कामाच्या उलट स्लॉपी, नावाच्या उलट टेंटेड, वागण्याच्या उलट रूड.

२०. लॉजिक इम्पेकेबल आहे पण निष्कर्ष चुकीचा आहे, असं होऊ शकतं का? डिबेटमध्ये यावरून भांडण झालं.

होऊ शकतं, आणि या शब्दाचा सगळ्यात धारदार वापर हाच आहे. जळगावात जे पिकतं ते सगळं केळं असतं, कापूस जळगावात पिकतो, म्हणून कापूस हे केळं आहे. पायऱ्या तपासा, पहिलं खरं मानलं तर दुसऱ्यावरून तिसरं निघतंच, एकही पायरी निसटलेली नाही. लॉजिक इम्पेकेबल. फक्त पहिलं वाक्यच खोटं आहे, त्यामुळे शेवट हास्यास्पद. इम्पेकेबल हा शब्द फक्त रीत पाळली का एवढंच बघतो, सुरुवात कुठून केली ते बघत नाही, जे प्रश्न १३ मध्ये ठगाबद्दल लिहिलं तेच इथे. म्हणून इंग्रजीत म्हणतात, "युवर लॉजिक इज इम्पेकेबल, युवर फॅक्ट्स आर नॉट". डिबेटमध्ये हे वाक्य मधे थोडं थांबून टाका, अर्ध्यावर समोरचा थँक्यू म्हणायला तोंड उघडतो.